गोबरगॅसच्या नळीत पाणी कोठून येते?

तुमच्यापैकी काहींच्या घरी किंवा गावात गोबरगॅसचे संयंत्र असेल. थंडीच्या दिवसांत अशा घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी शेगडी पेटवली की ज्योत सरळ जळत नाही. ती भकभक करते, मध्येच मोठी होते, मध्येच बारीक होते आणि शेवटी विझते. दुपारी ऊन वर आल्यावर थोडी सुधारणा दिसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग घरात तर्क सुरू होतात. कोणी म्हणते शेण कमी पडले. कोणी म्हणते थंडीने गॅसच तयार होत नाही. कोणी संयंत्रालाच दोष देतो. थंडीत गॅस कमी तयार होतो हे खरे आहे. पण गॅस कमी असेल तर ज्योत लहान होईल, ती भकभक का करील? एखादा जाणता माणूस येतो, नळीचा एक जोड सैल करतो आणि त्यातून पेलाभर गढूळ पाणी बाहेर पडते. जोड पुन्हा घट्ट केला की शेगडी पहिल्यासारखी पेटते.

हे पाणी नळीत कोणी ओतले? नळीला भोक नाही, पाऊसही नाही. या साध्या दिसणाऱ्या प्रश्नात उष्णता आणि बाष्प यांविषयी तुम्ही शाळेत शिकता त्यातले बरेच काही सामावलेले आहे. आज आपण नुसते कारण सांगून थांबणार नाही. किती उष्णता जाते, किती पाणी जमते, याचा कागदावर अंदाजही बांधणार आहोत. कारण अंदाज बांधल्याशिवाय योग्य उपाय सापडत नाही, हे या उदाहरणातून फार चांगले समजते.

गॅस ओला असतो

शेण आणि पाणी यांचा काला हवाबंद विहिरीत कुजतो. सूक्ष्म जीवांच्या क्रियेने त्यातून मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू निघतात. मिथेन जळतो, कार्बन डायऑक्साइड जळत नाही. हे वायू काल्यातून बुडबुड्यांच्या रूपाने वर येतात आणि काल्याच्याच पृष्ठभागावर साठून राहतात. त्यामुळे त्या तापमानाला जेवढे पाण्याचे बाष्प वायूत मावू शकते तेवढे सगळे त्यात मिसळते. अशा वायूला आपण बाष्पाने संपृक्त झालेला वायू म्हणतो.

बाष्प किती मावेल हे तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त किती बाष्प राहू शकते ते पाहा :

५ अंश सें. – ६.८ ग्रॅम
१० अंश सें. – ९.४ ग्रॅम
१५ अंश सें. – १२.८ ग्रॅम
२० अंश सें. – १७.३ ग्रॅम
२५ अंश सें. – २३.० ग्रॅम
३० अंश सें. – ३०.३ ग्रॅम

हे आकडे हवेला लागू पडतात तसेच गोबरगॅसलाही जवळजवळ लागू पडतात. बाष्पाला जागा किती व तापमान किती एवढ्याशीच काम असते. शेजारी कोणता वायू आहे याने फारसा फरक पडत नाही. तापमान १० अंशांवरून ३० अंशांवर गेले की बाष्प तिपटीहून अधिक मावते, हेही लक्षात घ्या.

आता दीनबंधू पद्धतीचे संयंत्र डोळ्यांसमोर आणा. हा नमुना १९८४ साली पुढे आला. त्याचा विटांचा घुमट जमिनीखाली असतो आणि वर मातीचा थर असतो. त्यामुळे बाहेर कडाक्याची थंडी असली तरी आतला गॅस बराच उबदार राहतो. समजा, तो २५ अंशांवर आहे. म्हणजे त्याच्या प्रत्येक घनमीटरात २३ ग्रॅम बाष्प आहे. घुमटापासून स्वयंपाकघरापर्यंत २० मीटर लांबीची नळी उघड्यावरून गेली आहे आणि पहाटे बाहेरचे तापमान १० अंश आहे. गॅस या नळीत थंड होऊन १० अंशांवर आला, तर त्यात फक्त ९.४ ग्रॅम बाष्प राहू शकेल. उरलेल्या १३.६ ग्रॅम बाष्पाचे पाणी झालेच पाहिजे. बाष्पाचे पाणी होण्याच्या या क्रियेला सांद्रीभवन म्हणतात. गवतावर दव पडते तेही असेच. फरक इतकाच की हे दव नळीच्या आतल्या अंगाला पडते.

येथे एक शंका रास्त आहे. ‘गॅस थंड होऊन १० अंशांवर आला, तर’ असे आपण म्हटले. पण तो खरोखर तितका थंड होतो का? की तो गरम गरमच शेगडीपर्यंत पोचतो? याचे उत्तर मिळवण्यासाठी उष्णतेचा हिशेब मांडावा लागेल.

हिशेबाची पहिली बाजू : गॅसजवळ किती उष्णता आहे?

एक घनमीटर गोबरगॅसचे तापमान १ अंशाने उतरले की त्यातून सुमारे दीड किलोजूल उष्णता बाहेर पडते. २५ वरून १० अंशांवर येताना तापमान १५ अंशांनी उतरते. म्हणून १.५ × १५ = २२.५ किलोजूल.

पण एवढ्यावर भागत नाही. बाष्पाचे पाणी होतानाही उष्णता बाहेर पडते. पाण्याची वाफ करायला जी अप्रकट उष्णता द्यावी लागली तीच येथे परत मिळते. या तापमानाला ती दर ग्रॅमला सुमारे २.४५ किलोजूल असते. म्हणून १३.६ × २.४५ = ३३.३ किलोजूल.

गंमत पाहा. घनमीटरभर गॅसमध्ये बाष्प अवघे २३ ग्रॅम. पण थंड होताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा त्याचाच. दोन्ही मिळून सुमारे ५६ किलोजूल झाले.

घरगुती गोबरगॅसची एक शेगडी तासाला सुमारे ४५० लिटर, म्हणजे ०.४५ घनमीटर गॅस घेते. तेव्हा तासाभरात ५६ × ०.४५ = २५ किलोजूल उष्णता जाईल. एका तासात ३६०० सेकंद असतात. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ७ जूल, अर्थात ७ वॅट. रात्री लावतो त्या १५ वॅटच्या लहान दिव्याच्या निम्मीसुद्धा नाही! ही ७ वॅट उष्णता काढून घेतली की गॅस पुरता १० अंशांवर येतो. दर अंशामागे हिशेब केला तर ७ ÷ १५ = ०.४७ वॅट.

दुसरी बाजू : नळी किती उष्णता बाहेर सोडते?

आपली नळी पाऊण इंची आहे असे समजू. तिचा बाहेरचा व्यास सुमारे २७ मि.मी. आणि आतला सुमारे २० मि.मी. असतो. एक मीटर लांबीच्या नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ३.१४ × ०.०२७ × १ = ०.०८५ चौरस मीटर.

आतल्या गॅसपासून बाहेरच्या हवेपर्यंत जाताना उष्णतेला तीन अडथळे लागतात. पहिला, नळीच्या आतल्या अंगाला चिकटून असलेला गॅसचा संथ थर. दुसरा, नळीची भिंत. तिसरा, बाहेरच्या अंगाला असलेला हवेचा थर. यांपैकी भिंतीचा अडथळा अगदी क्षुल्लक असतो. नळी लोखंडाची असो की प्लॅस्टिकची, फारसे बिघडत नाही. खरा अडथळा दोन्ही बाजूंच्या थरांचा, आणि त्यातही आतल्या थराचा. म्हणून बाहेर वारा सुटला तरी आकड्यात थोडाच फरक पडतो.

गॅस असा सावकाश वाहत असताना हे सगळे अडथळे मिळून दर चौरस मीटरमधून, तापमानातील दर अंशाच्या फरकामागे, सुमारे ३ वॅट उष्णता बाहेर जाते असे धरायला हरकत नाही. मग आपल्या एक मीटर नळीतून दर अंशाला ०.०८५ × ३ = ०.२५ वॅट उष्णता जाईल.

दोन्ही बाजू जुळवू या

नळीच्या सुरुवातीला गॅस आणि बाहेरची हवा यांत १५ अंशांचा फरक आहे. हा फरक पहिल्या मीटरभर तसाच राहिला असता तर ०.२५ × १५ = ३.७५ वॅट उष्णता गेली असती. पण गॅस पुढे सरकतो तसा थंड होतो, फरक कमी होतो आणि उष्णता जाण्याचा वेगही मंदावतो. म्हणून सरासरी फरक १२ अंश धरू. ०.२५ × १२ = ३ वॅट. गॅसमधून दर अंशाला ०.४७ वॅट काढावे लागतात. तेव्हा पहिल्या मीटरमध्ये तापमान ३ ÷ ०.४७, म्हणजे सुमारे ६ अंशांनी उतरेल. १५ अंशांचा फरक ९ वर आला, म्हणजे तीन पंचमांश उरला.

पुढच्या प्रत्येक मीटरमध्ये असेच होईल. प्रत्येक वेळी मागच्या फरकाचा सुमारे तीन पंचमांश भाग उरेल. त्यावरून गॅसचे तापमान असे येते :

सुरुवातीला – २५ अंश
१ मीटरवर – १९ अंश
२ मीटरवर – १५.४ अंश
३ मीटरवर – १३.२ अंश
४ मीटरवर – ११.९ अंश
५ मीटरवर – ११.२ अंश
६ मीटरवर – १०.७ अंश

आहे की नाही आश्चर्य! नळी २० मीटर लांब आहे, पण सहाव्या मीटरलाच गॅस बाहेरच्या हवेइतका थंड झालेला असतो. उरलेले १४ मीटर तो थंडच वाहतो. तेव्हा आपली शंका फिटली. गॅस शेगडीपर्यंत गरम पोचत नाही आणि १३.६ ग्रॅम पाणी नळीत पडते ते पडतेच.

हा अंदाज ढोबळ आहे. आपण धरलेला ३ वॅटचा आकडा प्रत्यक्षात अडीच असेल किंवा चार असेल. पण त्याने काय होईल? गॅस सहाऐवजी सात किंवा पाच मीटरवर थंड होईल. नळी २० मीटरची असल्यामुळे जमणाऱ्या पाण्यात काहीच फरक पडणार नाही. म्हणजे येथे पाण्याचे प्रमाण दोनच गोष्टी ठरवतात : गॅस निघाला तेव्हाचे तापमान आणि नळीतील सर्वांत थंड जागेचे तापमान. ढोबळ हिशेबातून असा पक्का निष्कर्ष निघतो, हीच अंदाज बांधण्याची खरी किंमत आहे.

नळीला गोधडी गुंडाळावी का?

गॅस थंड होतो म्हणून पाणी पडते, तर नळीला पेंढा, गोणपाट किंवा दुसरे उष्णतारोधक गुंडाळावे, असे कोणालाही सुचेल. चला, याचाही हिशेब करू. अडीच सें.मी. जाडीचा चांगला रोधक थर बसवला तर मीटरमागे दर अंशाला ०.२५ ऐवजी सुमारे ०.१५ वॅट उष्णता जाते. मग प्रत्येक मीटरला फरकाचा पाऊण भागापेक्षा थोडा कमी भाग उरतो. अशा रीतीने गॅस सहाव्या मीटरऐवजी दहाव्या मीटरला थंड होतो. पण थंड होतोच! नळीत वाहणारा गॅस इतका थोडा आणि इतका संथ असतो, की गोधडीने तो गरम राहत नाही. शिवाय शेगडी बंद असताना नळीत अडकून राहिलेला गॅस रात्रभरात थंड होतो तो वेगळाच. तेव्हा रोधकावर केलेला खर्च वाया जातो.

येथे आणखी एक आकडा लक्षात घ्या. एक घनमीटर गोबरगॅस जाळला तर सुमारे २०,००० किलोजूल उष्णता मिळते. नळीत वाया जाते ती ५६ किलोजूल, म्हणजे हजारात तीनच भाग. एवढी उष्णता गेली म्हणून भाकरी कच्ची राहत नाही. नुकसान उष्णता गेल्याचे नाही. ती जाताना मागे ठेवून गेलेल्या पाण्याचे आहे.

पाणी किती आणि त्याने होते काय?

समजा, घरात सकाळी एक घनमीटर आणि संध्याकाळी एक घनमीटर गॅस लागतो. सकाळी १० अंशांना १३.६ ग्रॅम पाणी पडले. संध्याकाळी बाहेर २० अंश असतील तर २३.० – १७.३ = ५.७ ग्रॅम. दिवसाचे झाले सुमारे १९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार चमचे. महिन्याचे अर्ध्या लिटरहून अधिक.

चार चमचे पाणी ते काय, असे म्हणू नका. नळीच्या आतल्या छेदाचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सें.मी. आहे. नळीला मध्येच झोळ पडला असेल तर सगळे पाणी ओघळून तेथे येईल. झोळाच्या तळाचा १५ सें.मी. लांबीचा तुकडा पुरता भरायला ३.१४ × १५ = ४७ घन सें.मी. पाणी लागते. दिवसाला १९ प्रमाणे अडीच दिवसांत तो भरेल!

तळ भरला की गॅसला पाणी बाजूला सारून जावे लागते. दाब साठतो, एक बुडबुडा पाण्यातून निसटतो, ज्योत मोठी होते. बुडबुडा गेला की पाणी परत जागेवर येते आणि ज्योत बारीक होते. हीच ती भकभक. झोळ १० सें.मी. खोल असेल तर गॅसच्या अंगी निदान १० सें.मी. पाण्याच्या स्तंभाइतका दाब हवा. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने प्रसार केलेल्या तरंगत्या टाकीच्या संयंत्रात गॅसचा दाब साधारण ८ ते १० सें.मी. पाण्याच्या स्तंभाइतकाच असतो. तेथे असा झोळ गॅसची वाट पुरती अडवू शकतो. घुमटाच्या संयंत्रात सुरुवातीला दाब जास्त असतो. पण गॅस वापरला जातो तसा तो उतरतो. मग घुमटात गॅस शिल्लक असूनही शेगडीवर येत नाही, आणि घरच्यांना वाटते की गॅस संपला. चार चमचे पाण्यापायी चांगले संयंत्र नादुरुस्त ठरवले जाते आणि चूल पुन्हा धुराने भरते.

या पाण्याचा दुसरा उपद्रवही आहे. गोबरगॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. ओलाव्याच्या संगतीत हा वायू लोखंडी नळी आणि तोट्या आतून खातो. म्हणून नळीतून निघणारे पाणी पुष्कळदा तांबूस असते.

पाण्याला वाट द्या

पाणी पडणारच, हे हिशेबाने सांगितले. मग ते अडू न देता बाहेर काढणे हाच उपाय. तो अगदी स्वस्त आहे.

१) नळी एकसारख्या उतारात बसवावी. दर १०० सें.मी.ला १ सें.मी. उतार पुरतो. २० मीटर नळीला एकूण २० सें.मी. स्वयंपाकघर उंचावर असेल तर उतार संयंत्राकडे द्यावा. पाणी आपोआप परत जाते. नळीला ठिकठिकाणी आधार द्यावा, म्हणजे झोळ पडत नाही.

२) उतार संयंत्राकडे देता येत नसेल, तर सर्वांत खालच्या जागी टी-जोड बसवून त्याचे एक तोंड खाली करावे. त्याला नळीचा लहान तुकडा आणि तोटी जोडावी. याला वॉटर ट्रॅप म्हणतात. आपण पाणसापळा म्हणू. थंडीत आठवड्यातून एकदा तोटी उघडून पाणी काढावे.

३) तरंगत्या टाकीच्या संयंत्राला तोटीऐवजी पाण्याने भरलेली इंग्रजी यू आकाराची नळीही चालते. तिची खोली गॅसच्या दाबापेक्षा जास्त हवी. दाब १० सें.मी. असेल तर २० ते २५ सें.मी. खोली ठेवावी. मग गॅस बाहेर येत नाही आणि जादा पाणी आपोआप ठिबकून जाते. घुमटाच्या संयंत्रात दाब ९० सें.मी.च्या आसपास जाऊ शकतो. तेथे एवढी खोल नळी गैरसोयीची होते, म्हणून तोटीच बरी.

४) शक्य असेल तर नळी अर्धा मीटर खोल गाडावी. थंडीतही तेथील माती उबदार असते. ती २० अंशांवर असेल तर घनमीटरमागे १३.६ ऐवजी ५.७ ग्रॅमच पाणी पडेल. मात्र उतार आणि पाणसापळा तेव्हाही हवाच.

एक सूचना कधीही विसरू नका. पाणी काढताना थोडा गॅस बाहेर येतोच. हे काम मोठ्या माणसांनी, शेगडी बंद करून करावे. जवळ दिवा, विडी, काडी काहीही पेटते नसावे. पाणी संपताच तोटी घट्ट बंद करावी.

समुद्राखालच्या नळ्या

हा प्रश्न केवळ शेतकऱ्याच्या अंगणातला नाही. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले. ते क्षेत्र बॉम्बे हाय, म्हणजे आजचे मुंबई हाय. तेथील नैसर्गिक वायू समुद्राच्या तळावरील नळांतून उरणला येतो. नळात पाणी पडू नये म्हणून हा वायू आधी समुद्रातील फलाटांवरच ग्लायकॉल नावाच्या द्रवाशी भिडवून वाळवतात. ग्लायकॉल बाष्प शोषून घेतो. तेथे तर आणखी मोठे संकट असते. जास्त दाबाखाली मिथेन आणि पाणी मिळून बर्फासारखा घन पदार्थ बनतो, आणि तोही शून्य अंशांच्या बऱ्याच वर! १९३४ साली हॅमरश्मिट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने दाखवून दिले, की वायूचे नळ तुंबतात ते पुष्कळदा याच पदार्थामुळे. अंगणातल्या नळीला उतार पुरतो. समुद्राखालच्या नळाला वायू आधीच वाळवावा लागतो.

करून पाहा

स्टीलच्या कोरड्या पेल्यात पाणी घ्या. त्यात तापमापी ठेवून बर्फाचे लहान खडे एकेक करून टाका व ढवळा. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर प्रथम धुरकटपणा दिसेल त्या वेळचे तापमान लिहून घ्या. हे झाले तुमच्या खोलीतील हवेचे दवबिंदू तापमान. वरच्या आकड्यांवरून हवेच्या एका घनमीटरात किती बाष्प आहे ते काढा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात हाच प्रयोग करून आकडे ताडून पाहा.

सोडवून पाहा

१) संयंत्रातील गॅस ३० अंशांवर आणि बाहेरची हवा १५ अंशांवर असेल, तर दर घनमीटर गॅसमागे किती पाणी जमेल?

२) आतला व्यास १६ मि.मी. असलेल्या नळीचा १५ सें.मी. लांबीचा तुकडा भरायला किती पाणी लागेल? रोज १९ ग्रॅम जमत असेल तर किती दिवसांत?

३) २४ मीटर लांब नळीला दर १०० सें.मी.ला १ सें.मी. उतार द्यायचा, तर दोन टोकांच्या उंचीत किती फरक ठेवावा?

उत्तरे : १) १७.५ ग्रॅम. २) सुमारे ३० घन सें.मी.; दीड दिवसाच्या आसपास. ३) २४ सें.मी.